चाकातून आवाज येतोय? गॅरेजला जाण्याआधी घरी एवढं तपासा

गाडीचा आवाज आणि शाळेच्या वेळेची पोटदुखी सारखीच. डॉक्टरच्या दारात पोचलं की थांबते. मेकॅनिक एक चक्कर मारतो, त्याला काहीच ऐकू येत नाही, आणि मग अंदाजाने एखादा पार्ट बदलला जातो. माझ्या गाडीला मागून घूंऽऽ असा आवाज यायचा. गॅरेजवाल्याने ‘बेअरिंग (चाक ज्यावर सहज फिरतं तो भाग) गेलंय’ म्हणून मागची दोन्ही बेअरिंगं बदलली, पैसे घेतले, आवाज जिथल्या तिथे. दोष टायरचा होता. तो कळायला हाताचा तळवा पुरला असता.

म्हणून पहिलं काम अवजारांचं नाही, कानाचं. आवाज ‘कसा’ येतो यापेक्षा ‘कधी’ येतो ते बघा. ब्रेक दाबल्यावरच? वळताना? वेगाबरोबर वाढतो? की फक्त गतिरोधकावर? सकाळी रस्ता रिकामा असताना रेडिओ आणि एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि एखाद्या कंपाउंडच्या भिंतीला धरून ताशी 20 किमीने जा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि त्या बाजूच्या चाकांचं सगळं ऐकू येतं. मग भिंत दुसऱ्या बाजूला येईल अशी परत चक्कर. वेगात येणारा आवाज इंजिनचा वाटत असेल, तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर क्लच दाबा. इंजिनची घरघर उतरली तरी आवाज तसाच राहिला, तर तो बहुधा चाकांकडचा. घाट उतरताना हा प्रयोग नको.

ब्रेक दाबल्यावर येणारा आवाज

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीने सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखर केली तर घाबरू नका. डिस्कवर (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी) गंजाचा पातळ थर चढतो, तो पॅडने (ब्रेक दाबल्यावर तिला चिमटणारी जाड पट्टी) घासून जातो. दमट हवेत हँडब्रेक लावून चार दिवस गाडी ठेवली की निघताना मागून ‘टक्’ होतं. ड्रमला (चाकातला ब्रेकचा बंद डबा) चिकटलेले लायनर (त्याला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) सुटतात तेव्हाचा तो आवाज. एकदाच झाला तर सोडून द्या.

बारीक, कानात जाणारी किंचाळी मात्र रोजच येत असेल तर पॅड बघाच. अनेक पॅडना पत्र्याची छोटी पट्टी असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून मुद्दाम ओरडते. अलॉय चाक असेल तर दांड्यांमधून बॅटरी मारून पॅड दिसतो, साध्या चाकाला बहुतेक वेळा चाक काढावं लागतं. मोजायचा तो मसाल्याचा (डिस्कला घासणारा) थर, मागची लोखंडी पाटी नाही. नवीन पॅडला तो साधारण 10 मिमी असतो, 3 मिमीवर आला की बदलायचा. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, साधारण तेवढी जाडी. आणि आतल्या बाजूचा पॅडही बघा. बाहेरचा चांगला आणि आतला संपलेला, असं कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिना अडकल्या की सर्रास होतं. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळीही पाहा. पॅड झिजतात तशी ती उतरते. नुसतं ऑइल वर भरून टाकलं तर ही खूण पुसली जाते.

बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतो, तिथे बाहेरून काही दिसत नाही. हँडब्रेक पूर्वीपेक्षा जास्त वर ओढावा लागत असेल तर लायनर झिजल्याचा किंवा केबल सैल झाल्याचा संशय घ्या. ड्रम उघडलाच तर आतली धूळ फुंकू नका, ती फुप्फुसात जाता कामा नये. ओल्या फडक्याने पुसा.

खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक पत्रा खरवडल्यासारखा भयंकर आवाज सुरू झाला? डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या मधे खडा अडकला असण्याची शक्यता मोठी. गाडी चार-पाच फूट मागे-पुढे करा, बरेचदा खडा आपोआप पडतो.

घूंऽऽ: बेअरिंग की टायर?

माझी फसगत झाली ती इथेच. आधी टायर. गाडी बंद करून टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या पट्ट्यावरून तळवा एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. (तार किंवा खिळा आहे का आधी बघा.) एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, किंवा उंचवटे-खळगे जाणवले, तर आवाज टायरचा. डांबरीवरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा सूर बदलला, तरी टायरच. खात्री करायची तर पुढचे टायर मागे, मागचे पुढे टाका. आवाजाने जागा बदलली की विषय संपला.

बेअरिंगचा आवाज रस्त्याने बदलत नाही, वळणाने बदलतो. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डावं.

आता जॅक लावून पक्कं करा. जागा सपाट हवी. पुढचं चाक उचलायचं तर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गिअर न्यूट्रल ठेवा. मागचं उचलायचं तर हँडब्रेक सोडलेला हवा, म्हणून पुढच्या चाकांना दगड आणि पहिला गिअर (इंजिनचा जोर पुढच्या चाकांना असलेल्या गाडीत). काढून ठेवलेली स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवा. जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एक मिनिटासाठीही नाही.

चाक वर आणि खाली धरून हलवा. खुळखुळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाक वळू देणारा सांधा). डावी-उजवीकडे धरून हललं, वर-खाली नाही, तर स्टिअरिंगचा सांधा. मग एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवा. खराब बेअरिंगची थरथर कानाआधी बोटांना कळते.

बाकीचे

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना कट-कट-कट: एक्सलचा (चाकाला इंजिनचा जोर पोचवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट. चाकाच्या आतल्या बाजूचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. खड्ड्यात खडखड: सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा बुश (सांध्यातलं रबर), हे गॅरेजवरच सोपवा. कोकणातून आल्यावर ताशी 80 च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं? आधी रिमच्या आत वाळलेला लाल चिखल पाण्याने काढा, बॅलन्सिंगचे (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करून घेण्याचे) पैसे वाचतील.

लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज थांबत नाही, ब्रेकचा पेडल खोल जातो, चाकाच्या आतून तेल गळतंय, एकच चाक तापून जळका वास येतोय किंवा नट पुन्हा पुन्हा सैल होतायत, यातलं काहीही असेल तर गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका. टोइंगवाल्याला बोलवा.