तांबट आळीत दिवाळीची ऑर्डर देताना

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून भेट द्यायला तांब्याचे ५० गडू हवे असतील, तर गणपतीच्या आधीच बोला. मठारकाम, म्हणजे हातोडीने पत्र्यावर ठोके देणं, हाताचं असतं; घाई केली की ठोके विरळ पडतात. आधी पैसे देऊन एक नमुना करून घ्या आणि उजेडात फिरवून पाहा. ठोके सारखे, शेजारी शेजारी हवेत. ते नुसती नक्षी नाहीत, त्यांनीच पत्रा कडक होतो.

पत्र्याचा भाव वजनावर आणि मजुरी नगावर, असं वेगवेगळं लिहा. एकत्र दरावर घासाघीस झाली की कात्री मजुरीलाच लागते. पत्र्याचे पैसे आगाऊ द्या, उरलेले माल उचलतानाच. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या कारागिराचं बिल तर ४५ दिवसांपलीकडे कायद्यानेच थकवता येत नाही.

तांब्याची स्वयंपाकाची भांडी घेतलीत, तर त्यांना आतून कल्हई (कथलाचा मुलामा) हवीच.