ध्यानाला बसताच डोळा लागतो किंवा कान रुग्णाकडेच राहतो: घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी उपाय

लक्षण: दर 2 तासांनी कूस बदलायची असल्याने झोप तुटक, खांदे आणि जबडा आवळलेले, आणि डोळे मिटून बसलं की 3-4 मिनिटांत मान खाली.

इयरफोन लावले तर खोकला ऐकू येत नाही. श्वासावर लक्ष ठेवावं तर मन रुग्णाचेच श्वास मोजू लागतं. पहाटे 5 चा नेम दोन रात्रींत मोडतो. या टप्प्यावर ध्यानाचाच राग येऊ लागला होता.

लागू पडली ती 12 मिनिटांची कीर्तन क्रिया, म्हणजे ‘सा-ता-ना-मा’ म्हणत बोटं टेकवण्याचं ध्यान. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत, तळवे वर करून बसा. ‘सा’ला अंगठा तर्जनीला, ‘ता’ला मधल्या बोटाला, ‘ना’ला अनामिकेला, ‘मा’ला करंगळीला टेकवा, दोन्ही हात एकदम. 2 मिनिटं मोठ्याने, 2 कुजबुजत, 4 मनात, पुन्हा 2 कुजबुजत, 2 मोठ्याने. बोटं थांबली की डुलकी आली समजा. बोटांनी जरा दाबा. हाक आली तर उठा, परतल्यावर त्याच टप्प्यापासून पुढे चला.

लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या 2013 सालच्या छोट्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे नातेवाईक हीच 12 मिनिटं रोज, 8 आठवडे करत होते. नुसतं शांत संगीत ऐकणाऱ्या गटापेक्षा त्यांची उदासी जास्त कमी झाली.

वेळ घड्याळाची नको, कामाची ठरवा: दुपारचं औषध देऊन झालं की लगेच. जेवणानंतर मात्र झोप हमखास येते. दोन आठवडे उदासी हटली नाही तर डॉक्टर गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा.