हवा गार आहे म्हणून ती शुद्ध असतेच असे नाही : या चुका टाळा

हिवाळ्यातली पहाटेची हवा गार लागते, म्हणून ती शुद्धच असणार, हा आपल्याकडचा फार जुना आणि चिवट गैरसमज आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा गारठून खालीच राहते आणि वरचा उबदार थर तिच्यावर झाकणासारखा बसतो. त्यामुळे वाहनांचा नि शेकोट्यांचा धूर वर न जाता आपल्या नाकाच्या उंचीवर साचतो. ऊन चढले की हे झाकण उठते.

आमच्या सासऱ्यांना जुना दमा आहे. पुण्यात आमच्याकडे आले की कानटोपी घालून पहाटे साडेपाचला ते मुख्य रस्त्याच्या कडेने फिरायला निघत, परत येऊन खोकत बसत आणि दोष थंडीला देत. एकदा मी त्यांच्यासोबत गेले, तर चौकात झाडून गोळा केलेल्या पाल्याला कोणीतरी काडी लावलेली होती आणि त्या धुरापासून वीस पावलांवर ज्येष्ठ मंडळी दीर्घश्वसन करीत होती. आठवडाभर वाद घातल्यावर सासऱ्यांनी फेरीची वेळ साडेनऊवर आणली आणि रस्ताही आतल्या गल्लीचा धरला. खोकला पूर्ण गेला नाही, पण फेरीनंतर पंप ओढण्याची वेळ क्वचितच येऊ लागली.

दुसरी चूक आकड्यांची. मोबाइलवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक ‘समाधानकारक’ दिसला की लोक निर्धास्त होतात. आपल्या निर्देशांकात पीएम २.५ चे, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचे, चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असले, तरी त्याला हाच शेरा मिळतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. हे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असल्याने फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणूनच प्रदूषण म्हणजे केवळ खोकला नव्हे, तर हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोकाही त्याने वाढतो. घरात दमेकरी, गरोदर स्त्री किंवा तान्हे मूल असेल, तर मी शेरा वाचत नाही, आकडा वाचते.

बाहेर धूर आहे म्हणून खिडक्या घट्ट लावायच्या आणि आत डासांची कॉइल पेटवायची, हा प्रकार पाहिला की माझा संयम सुटतो. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. धूप सुगंधी असला तरी तोही धूरच आहे. आमच्याकडे मच्छरदाणी लावतो, देवापुढे निरांजन पुरते, आणि फोडणी टाकण्याआधीच स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू होतो. मिरची तडतडल्यावर धावत जाऊन तो लावण्यात काही अर्थ नाही. खिडक्या दुपारी तासभर उघडाव्यात.

तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ धूळ अडवतो, सूक्ष्म कण नाही. एन-९५ मास्क घट्ट बसला तरच उपयोगी पडतो, दाढीवर तो बसत नाही. गूळ खाल्ल्याने फुप्फुसे साफ होत नाहीत. कुंडीतल्या मनीप्लांटने खोलीची हवा शुद्ध होण्यासाठी खोलीत माणसाला उभे राहायला जागा उरणार नाही इतकी झाडे लागतील. कोरड्या झाडूऐवजी ओले फडके वापरावे.

हवाशुद्धीकरण यंत्र घेऊन महिन्याभरात चमत्काराची वाट पाहणाऱ्यांना एवढेच विचारते की, यंत्र चालू असताना खिडकी बंद होती का आणि त्याची क्षमता खोलीच्या आकाराला पुरते का. एका परिचितांनी तर यंत्राचा हेपा फिल्टर, म्हणजे सूक्ष्म कण अडवणारी गाळणी, नळाखाली धुऊन गॅलरीत वाळत घातला होता. तो कागदासारख्या नाजूक धाग्यांचा असतो आणि धुण्याजोगा आहे असे यंत्रावर स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो बदलायचाच असतो. आमचा फिल्टर मी दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यात बदलते, कारण फटाक्यांच्या चार दिवसांत त्याचा पांढरा रंग राखाडी झालेला असतो.