पॉलिमर भिंतीवरून घसरतंय का, हे रिओमीटरवर कसं तपासावं

द्रव वाहताना भिंतीला लागलेला थर जागचा हलत नाही, असं आपण शाळेपासून शिकतो. पाण्यातेलाला हे चालून जातं. लांब, एकमेकींत गुंतलेल्या साखळ्यांच्या पॉलिमरला मात्र नाही. गुळगुळीत पृष्ठभागावर ताण वाढला की सगळा मालच भिंतीवरून सरकू लागतो. 1979 मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी याचं कारण मांडलं: आतमध्ये गुंत्यामुळे चिकटपणा प्रचंड असतो, पण साखळ्यांना धरून ठेवणारं काही नसलेल्या गुळगुळीत भिंतीशी घर्षण मात्र साध्या छोट्या रेणूंच्या द्रवाइतकंच असतं.

मोजायची ती 'घसरण-लांबी'. वेगाचा आलेख भिंतीच्या पलीकडे सरळ वाढवला, तर जितक्या अंतरावर वेग शून्य होईल तेवढी. पाण्यासाठी ती सहसा काही नॅनोमीटर, गुंतलेल्या पॉलिमरसाठी कधीकधी शंभर मायक्रॉनच्या घरात.

सुरुवात जास्त रेणुभाराच्या सिलिकॉन पॉलिमरने करा. तो खोलीच्या तापमानालाही वाहतो, त्यामुळे भट्टीची कटकट नाही. रिओमीटरला (दोन चकत्यांमध्ये द्रव ठेवून एक चकती फिरवणारं, द्रवाचा चिकटपणा मोजणारं यंत्र) दोन सपाट, गुळगुळीत चकत्या लावा. त्या सॉल्व्हंटने पुसा आणि नंतर बोट लावू नका. घसरण भिंतीलगतच्या काही रेणूंवर ठरते, तिथे बोटाचा तेलकटपणा पुरेसा घोळ घालतो. नमुन्यात बुडबुडे असतील तर आधी व्हॅक्यूममध्ये काढा.

आता मुख्य काम. टॉर्क (चकती फिरवणारा जोर) ठरवा आणि तोच ठेवून तीन वेगवेगळ्या फटींवर (चकत्यांमधलं अंतर) मोजमाप घ्या. दरवेळी ताजा नमुना. घसरण नसेल तर चकतीच्या कडेचा शिअर रेट (कडेचा वेग भागिले फट) तिन्ही वेळा तोच येईल. असेल तर फट कमी होईल तसा तो वाढत जाईल, कारण भिंतीवरचं सरकणं तेवढंच राहतं पण लहान फटीत त्याचा वाटा मोठा होतो.

समजा 1 मिमी फटीला दर सेकंदाला 12, 0.5 मिमीला 14 आणि 0.25 मिमीला 18 आले. आडव्या अक्षावर 1 भागिले फट, उभ्यावर हे आकडे मांडा. सरळ रेघ येते. ती उभ्या अक्षाला 10 वर छेदते, तो खरा शिअर रेट. रेघेचा चढ 2 मिमी प्रति सेकंद आहे. दोन्ही चकत्यांवर घसरण होते म्हणून त्याचा अर्धा, म्हणजे 1 मिमी प्रति सेकंद, हा घसरणीचा वेग. त्याला 10 ने भागा: घसरण-लांबी 0.1 मिमी, अर्थात 100 मायक्रॉन. नळीसाठी हीच युक्ती भौतिकशास्त्रज्ञ मूनी यांनी 1931 मध्ये वापरली होती, फटीऐवजी नळीचा व्यास बदलून.

आकडा आला म्हणून खूश होऊ नका, खरी परीक्षा इथे आहे. यंत्राने शून्य फट चुकीची धरली, आणि खरी फट दाखवलेल्यापेक्षा 20-30 मायक्रॉनने जास्त निघाली, तर आलेखावर अगदी अशीच रेघ उमटते. गणितात दोन्हींचं रूप एकच आहे. म्हणून तीच तपासणी आधी साध्या, कमी रेणुभाराच्या सिलिकॉन तेलावर करा. तिथेही रेघ चढली तर दोष फटीचा. तेवढं अंतर प्रत्येक फटीत मिळवून पुढचं गणित करा. दुसरी खूण म्हणजे फटीची चूक ताण बदलला तरी तेवढीच राहते, पण पॉलिमरची घसरण-लांबी एका ठरावीक ताणानंतर झपाट्याने वाढते. भिंतीला अडकलेल्या साखळ्या ताणून गुंत्यातून सुटतात, त्याचा हा परिणाम. मला ही दुसरी खूण जास्त भरवशाची वाटते.

नमुन्याच्या कडेकडेही लक्ष ठेवा. जास्त वेगाला कड आत खचते, टॉर्क तोच असूनही चकती जोरात फिरू लागते आणि वाचणाऱ्याला वाटतं घसरण सुरू झाली. डोळ्यांनी बघितलं तरी हे कळतं.

शंका उरलीच तर एक चकती खडबडीत करून तोच टॉर्क पुन्हा द्या. तिथे घसरण जवळजवळ थांबते, त्यामुळे रेघेचा चढ निम्मा व्हायला हवा. त्या गणितात मात्र चढाला 2 ने भागू नका, तो थेट एकाच चकतीचा वेग असतो.