गल्लीतला नाला घेऊन जगाशी बोलायचं: ऑनलाईन वर्कशॉप घ्यायचं कसं

आधीच सांगून ठेवतो, वर्कशॉप म्हणजे वेबिनार नाही. एक साहेब पाऊण तास स्लाईड दाखवणार, बाकीचे म्यूटवर राहून भाजी निवडणार आणि शेवटी चॅटमध्ये ‘खूप छान सर’ टाकणार, एवढंच करायचं असेल तर त्याला कशाला मार्गदर्शन पाहिजे बाप्पा. वर्कशॉप संपलं की हातात एखादं काम उरलं पाहिजे आणि ते कोणाच्या नावावर आहे हे ठरलेलं पाहिजे. आम्ही नागपुरात बसून अशी तीन घेतली. पहिलं पूर्ण फसलं, दुसरं अर्धं फसलं, तिसऱ्यातून एक पत्र निघालं. तर त्या अनुभवावरून सांगतो.

प्रश्न छोटा करा, अजून छोटा करा

पहिल्या वेळी विषय ठेवला होता ‘हवामान बदल आणि शहरं’. दोन तास सगळे बोलले, सगळ्यांचंच बरोबर होतं आणि निघालं काहीच नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली, मुदत २०३०, आणि त्यांच्या पोटात १६९ लक्ष्यं आहेत. ही यादी कामाची आहे, पण त्यातलं उद्दिष्ट नका उचलू, लक्ष्य उचला, आणि त्यातूनही आपल्या घराजवळचा तुकडा कापून घ्या. आम्ही ११.५ नंबरचं लक्ष्य घेतलं, म्हणजे पुरासारख्या आपत्तीत जाणारे जीव आणि सापडणारी माणसं कमी करायची. त्याचा आमचा तुकडा असा: तासाभरात धो धो पाऊस झाला तर नाल्याकाठच्या या तीन गल्ल्यांतलं पाणी घरात शिरायच्या आधी अडवायचं कुठं, आणि ती जागा कोणाची?

हाच का, ते नागपूरकराला सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट सगळ्यांना आठवते, काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि लोकं झोपेत असताना घरात पाणी.

प्रश्न जमला का हे पाहायची माझी पद्धत म्हणजे पानठेला. तिथं दोन वाक्यांत सांगा, समोरच्यानं जांभई दिली तर प्रश्न मोठा आहे, उलट प्रश्न विचारला तर जमला.

माणसं कोण आणि किती

१२ ते १५, त्यापेक्षा जास्त नको, नाहीतर सभा होते. त्यातले निदान अर्धे ज्यांच्या घरात पाणी शिरलं असे पाहिजेत, बाकी एखादे रिटायर्ड इंजिनिअर काका, शीट सांभाळायला दोन कॉलेजची पोट्टे, आणि तीन-चार जणं बाहेरच्या शहरातली. बाहेरची कुठून आणायची? आपल्याकडे प्रत्येक घराआड एक भाचा परदेशात असतो. पण त्यालाच नका बसवू, त्याला सांगा की तुझ्या शहरात ज्याला पुराचा त्रास झाला किंवा जो त्यावर काम करतो असा माणूस शोधून दे. आम्हाला नैरोबीतल्या मथारे वस्तीतला एक तरुण असाच मिळाला, २०२४ च्या एप्रिल-मेच्या पुरात त्यांच्याकडे पाणी शिरलं होतं, आणि तो आमच्या गल्लीतल्या मावशीशी अर्ध्या मिनिटात असा बोलायला लागला की जणू शेजारचाच. क्वालालंपूर आणि कोपनहेगनहूनही एकेक जण होता.

वेळ

शनिवारी दुपारी ४ बरी पडते. तेव्हा नैरोबीत दीड वाजलेला असतो, क्वालालंपूरमध्ये साडेसहा, कोपनहेगनमध्ये उन्हाळ्यात साडेबारा. उन्हाळ्यात म्हटलं ते उगाच नाही. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात, आम्ही नेमका तोच रविवार धरला आणि मेलमध्ये ‘तुमचे साडेबारा’ असं हातानं लिहून पाठवलं, म्हणून आम्ही चार वाजता बसलो आणि तिकडचे पाहुणे पाच वाजता उगवले. वर इकडे फराळाची धांदल, चकल्या तळता तळता दोघी कॉलवर. तेव्हापासून कॅलेंडरचं निमंत्रणच पाठवतो, त्यात ज्याची वेळ त्याला आपोआप दिसते.

साधनं

कमीत कमी ठेवा. एक कॉल, एक गूगल शीट, एक व्हॉट्सॲप ग्रुप, झालं. झूमचा फुकटचा कॉल ४० मिनिटांत तुटतो, त्याच्यावर चिडू नका, ४०-४० चे दोन भाग करा आणि मध्ये चहा. रंगीबेरंगी ऑनलाईन बोर्डाच्या नादी लागू नका, लागलात तर निघताना त्याची पीडीएफ काढून ठेवा, गूगलचा जॅमबोर्ड २०२४ च्या डिसेंबरअखेर बंदच झाला. लाईट जाते, म्हणून को-होस्ट दुसऱ्या भागात राहणारा पाहिजे. ज्यांना टाईप होत नाही त्यांनी मराठीत व्हॉईस नोट टाकायची, पोट्टे शीटमध्ये उतरवतील. आणि भाषेसाठी प्रत्येक छोट्या गटात एक दुभाषी माणूस बसवा, चांगलं इंग्रजी बोलणारा नको, नीट ऐकणारा पाहिजे.

आधीचा होमवर्क

याच्यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. कॉलच्या आठवडाभर आधी प्रत्येकाकडून तीन गोष्टी मागायच्या: जागेचा एक फोटो, स्वतः मोजलेला एक आकडा, आणि करून पाहिलेला पण फसलेला एक उपाय. मत नको, मत सगळ्यांकडे असतंच.

मावशी म्हणाली, माझ्याकडे काऊन आकडा असंन बे? मी टेप घेऊन गेलो. तिच्या समोरच्या खोलीत रंग दिलेला आहे, पण कॅलेंडर बाजूला केलं की मागे चिखलाची तपकिरी रेघ अजून दिसते, तेवढा पट्टा पेंटरनं सोडला होता. फरशीपासून रेघेपर्यंत ३ फूट ४ इंच. शेजारच्या घरी २ फूट ११, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ३ फूट ७. अशा नऊ घरांत मोजलं, शीटमध्ये टाकलं, आणि इंजिनिअर काकांनी नुसतं पाहून सांगितलं की पाणी नाल्याकडून नाही, मागच्या रस्त्याकडून येऊन राहिलं, कारण रस्त्यावर डांबराचे थर चढून चढून तो घरांपेक्षा उंच झाला. आम्ही दोन वर्षं नाल्याच्या नावानं बोंबलत होतो.

प्रत्यक्ष कॉल

पहिली दहा मिनिटं फोटो पाहायचे, ज्याचा फोटो त्यानंच बोलायचं, मिनिटाच्या आत. मग सात मिनिटं कोणीच बोलायचं नाही, सगळ्यांनी उपाय लिहायचे, विचित्र वाटतं पण करा, नाहीतर मोठ्या आवाजाचा एकच माणूस पूर्ण कॉल खाऊन टाकतो. (आमच्याकडे तो मीच होतो.) मग चार-चारचे गट, वीस मिनिटं, एका गटानं एकच उपाय घेऊन परत यायचं. इथं ४० मिनिटं भरतात, चहा प्या.

दुसऱ्या भागात बाहेरची उदाहरणं. ती आधी नका सांगू, नाहीतर सगळे त्याचीच नक्कल करतात. क्वालालंपूरला २००७ पासून ‘स्मार्ट’ नावाचा बोगदा आहे, ९.७ किलोमीटर, मधल्या भागातून एरवी गाड्या जातात आणि मोठा पूर आला की गाड्या बंद करून त्यातून पाणी सोडतात. ऐकायला भारी, पण आपल्या गल्लीच्या काय कामाचं. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला ढगफुटीसारखा पाऊस झाला, २०१२ मध्ये शहरानं त्यावर आराखडा केला, त्यात बागा आणि चौक खोलगट करायचे, एरवी पोरं खेळतील, पावसात पाणी थांबेल. हे आपल्याला जमण्यासारखं वाटलं, कारण वस्तीमागे क्रिकेटचं मैदान आहेच, लगेच सगळ्यांनी ते खोल करायला घेतलं, म्हणजे शीटवर.

तेवढ्यात मावशीनं माईक ऑन केला. पाणी गेल्यावर गाळ कोण काढंन? त्यात गटाराचंही पाणी असते, पोट्टे तिथंच खेळतीन. कोणाकडे उत्तर नव्हतं. मथारेवाल्यानं सांगितलं की त्यांच्याकडेही पाणी ओसरल्यावर खरा त्रास कचऱ्याचाच, आणि मग अर्धा वेळ गाळावरच गेला, जो अजेंड्यात कुठंच नव्हता. असं झालं तर अजेंडा सोडून द्या.

ठरवताना हात वर करून मतदान नको. आपल्या गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गाव अभ्यासगटात बसून विषय समजून घेतं आणि ग्रामसभेत सर्वसहमतीनं ठरवतं. वेळ लागतो, पण नंतर ‘मी तर आधीच नाही म्हटलं होतं’ म्हणणारा उरत नाही. ऑनलाईन एवढंच करा, प्रत्येकाला नाव घेऊन विचारा: हे चालेल का, नसेल तर काय बदललं की चालेल? पंधरा माणसांत वीस मिनिटं लागतात.

कॉल संपल्यावर

दोन दिवसांत एक पानाची नोंद, मराठीत, व्हॉट्सॲपवर वाचता येईल अशी. शीटमध्ये चारच रकाने: काम, कोण, कधीपर्यंत, झालं का. तिसऱ्या रकान्यात ‘लवकरच’ लिहिलं तर ते काम खोडून टाका.

आमचं पत्र असं निघालं: रस्त्यावर पुन्हा थर देण्याआधी जुना खरवडा, आणि मैदानाच्या कडेला पाण्यासाठी चर काढा. सोबत नऊ घरांची मापं आणि फोटो. ऑफिसात नेल्यावर ‘ठेवून जा’ म्हणतील, ठेवून येऊ नका, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, नंबर आणि तारीख घ्या. मला त्यासाठी तीन चकरा माराव्या लागल्या, एकदा शिक्का कपाटात आणि किल्ली सुटीवर होती. शिक्क्याचा फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा क्वालालंपूरवरून अंगठा आला.

पुढचा कॉल सहा आठवड्यांनी, आणि पावसाळ्याआधी एक हमखास, मे महिन्यात, तोही ऊन उतरल्यावर. मथारेवाला दर पंधरा दिवसांनी शीट उघडून ‘झालं का’ रकान्यात प्रश्नचिन्ह टाकून जातो. चर अर्धा खोदून झालाय, गाळाच्या कामासमोर अजून कोणाचं नाव नाही.