एचडी रेकॉर्डिंग मध्येच बंद पडत होतं: माझा अनुभव

लालबागला आमच्या घरी केबलच्या एचडी बॉक्सवर आईची मालिका रेकॉर्डला लावली की दहा-पंधरा मिनिटांत रेकॉर्डिंग बंद. बॉक्सला यूएसबी वायरने जोडलेली, रेकॉर्डिंग साठवणारी हार्ड डिस्क टिक-टिक करायची, तिचा निळा दिवा विझून परत लागायचा. वायर बदलली, बॉक्स रिसेट केला, डिस्क दोनदा फॉरमॅट केली. महिनाभर नुसता वैताग!

डिस्कला वीज पुरत नव्हती. यूएसबी 2.0 पोर्टची मर्यादा 500 मिलिअँपिअर, आणि फिरायला लागताना डिस्क त्याहून जास्त खेचते.

लॅमिंग्टन रोडवरून स्वतःचा वीज अडॅप्टर असलेला यूएसबी हब (एका पोर्टवर अनेक वस्तू जोडायची डबी) आणला. बिनअडॅप्टरचा घेऊ नका. बॉक्स मेन स्विचवरून बंद केला. हबचा अडॅप्टर लावला, मग डिस्क हबला, हब बॉक्सला. दिवा स्थिर झाल्यावरच बॉक्स चालू केला. शेवटी बॉक्सच्याच मेनूतून फॉरमॅट (जुनं सगळं पुसलं जातं). काल तीन तास सलग रेकॉर्ड झालं.