पोटुशी बाईची मिश्री कशी सोडवायची

मिश्री म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईस्तोवर भाजली म्हणून तिचं मंजन होत नाही. हिरडीवर बोट फिरलं की निकोटिन रक्तात उतरतं, रक्तवाहिन्या आखडतात आणि वारेतून बाळाकडे जाणारं रक्त घटतं. मुंबईतल्या गरोदर बायकांवरचा अभ्यास २००४ साली छापून आला. त्यात तंबाखू-मिश्रीवाल्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली, दिवस भरायच्या आधी बाळंत होणंही जास्त. बाळ अडीच किलोच्या काठावर असेल तर एवढे ग्रॅम फार होतात.

"तंबाखू खातेस का?" विचारू नका. ती "नाही" म्हणेल, आणि तिच्या लेखी ते खरंच असतं. "दात कशानं घासतेस, दिवसातून किती वेळा?" असं विचारा.

डबी घराबाहेर. सासूबाईंचीसुद्धा.

खरी गाठ पहाटे पडते. आशा सेविका म्हणून पहिली दोन वर्षं मी इथेच हरले. बाई मान डोलवायची आणि तिसऱ्या दिवशी बोट परत काळं. "ताई, लावल्याशिवाय पोटच साफ होत नाही हो." मी याला बहाणा समजायचे. तो बहाणा नसतो. निकोटिन आतडी हलवतं. ते थांबलं की पोट गच्च, त्यात गरोदरपण, वर लोहाच्या गोळ्या. म्हणून आता मी आधी आठवडाभर पोटाचंच बघते: उठल्याबरोबर दोन भांडी कोमट पाणी, रोज पालेभाजी, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल. एरंडेल अजिबात नको, कळा सुरू होऊ शकतात. लोहाची गोळी बंद करायची नाही, फक्त चहाबरोबर घ्यायची नाही. मग एक दिवस ठरवून मिश्री पूर्ण बंद. ब्रश नकोसा वाटत असेल तर साधी पेस्ट बोटानंच लावू दे.

"हळूहळू कमी कर" मला पटत नाही. चारवरून दोनवर येते, महिन्याभरात पुन्हा चारवर. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते. नवऱ्याला आधीच सांगून ठेवा. तरी जमलं नाही तर तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

"एकदम सोडलीस तर बाळाला झटका बसेल" हे मिश्रीबाबत खोटं. रोजची दारू किंवा नशेच्या गोळ्या मात्र घरच्या घरी एकदम थांबवू नका, आधी दवाखाना गाठा.

बाळंतपणाला माहेरी गेली की डबी परत हातात येते, आणि निकोटिन दुधातूनही उतरतं. ती निघण्याआधी तिच्या आईला फोन करा.